सेवेला वेळापत्रकात जागा हवी

नवी मुंबईतल्या ख्रिस्ती संस्थांच्या शाळांचे नाव निघाले की पालकांना दोन गोष्टी आठवतात, दहावीचा निकाल आणि शिस्त. वाशीचे फादर अॅग्नेल आणि सेक्रेड हार्ट, नेरूळचे डॉन बॉस्को, कोपरखैरण्याची ख्राइस्ट अकॅडमी अशा शाळांत मुलाचा नंबर लागावा म्हणून घरोघरी किती खटपट चालते, हे या शहराला सांगायला नको. या नावलौकिकामागे शिक्षकांचे कष्ट आहेत आणि त्यांचा मान ठेवलाच पाहिजे. पण ख्रिस्ती शाळेच्या ध्येयवाक्यात गुणवत्तेच्या जोडीला सेवाही असते. निकालाचा हिशेब आपण दशांश चिन्हापर्यंत मागतो. सेवेचा हिशेब मात्र पालक मागत नाहीत, व्यवस्थापन मागत नाही आणि शिक्षण खातेही मागत नाही. तो आता मागायला हवा, आणि तो मागताना सेवा म्हणजे नेमके काय, हेही एकदा ठरवून घ्यायला हवे.

आज बहुतेक शाळांत सेवा म्हणजे वर्षातून एक-दोनदा होणारा कार्यक्रम. पनवेल तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी असा कार्यक्रम पाहिला आहे. शहरातून बस आली, बॅनर बांधला गेला, आधीपासून रांगेत बसवून ठेवलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग आठवीतल्या मुलांच्या हस्ते वह्यांचे वाटप सुरू झाले. एक कातकरी मुलगी वह्या घेऊन जागेवर निघाली, तोच तिला परत बोलावण्यात आले, कारण फोटो हलला होता. तिने वह्या परत दिल्या, पुन्हा घेतल्या आणि सांगितल्याप्रमाणे कॅमेऱ्याकडे पाहिले. देणारा मुलगाही कॅमेऱ्याकडेच पाहत होता. दोघे एकाच वयाचे, एकाच इयत्तेतले असावेत. पण त्यांनी एकमेकांचे नावसुद्धा विचारले नाही. तासाभरात बस निघून गेली.

बस घेऊन आलेली ती शहरातली शाळा कोणत्या संस्थेची होती, हा प्रश्न गौण आहे. सर्व धर्मांच्या आणि कोणत्याही धर्माशी संबंध नसलेल्या शाळाही हेच करतात. मात्र ख्रिस्ती शाळेला हा प्रकार अधिक बोचला पाहिजे. उजव्या हाताने काय दिले ते डाव्या हाताला कळू नये, ही तिच्याच शुभवर्तमानातली शिकवण आहे. गुरूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, हा तिच्याच परंपरेतला प्रसंग आहे. त्या परंपरेत सेवा करणारा खाली वाकतो. आपल्या कार्यक्रमांत मात्र देणारा व्यासपीठावर असतो आणि घेणारा रांगेत.

महाराष्ट्रात ख्रिस्ती शिक्षणाची सुरुवात अशी झाली नव्हती. सिंथिया फरार ही अमेरिकन शिक्षिका १८२७ च्या अखेरीस मुंबईला आली आणि पुढे अहमदनगरला मुलींना शिकवत राहिली. मुलींनी शिकणे हेच त्या काळी पाप समजले जाई. त्यामुळे तिला शिक्षणाखेरीज वेगळी समाजसेवा करावी लागली नाही, शिकवणे हीच सेवा होती. जोतीराव फुल्यांनी नगरची ती शाळा पाहिली आणि सावित्रीबाईंनी फरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. ते ख्रिस्ती झाले नाहीत. पण तिथे मिळालेल्या विद्येचे त्यांनी काय केले, हे १८४८ साली पुण्याने पाहिले. त्या शाळेचा खरा निकाल म्हणजे जोतीरावांनी मुलींसाठी उघडलेली शाळा. मिशनच्या गुणपत्रकात त्यांना काय शेरा मिळाला होता, याची आज कोणी चौकशी करत नाही.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८९६-९७ च्या दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलींना त्यांनी आणले आणि केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. तिथे अन्नछत्र घालून त्या थांबल्या नाहीत. मुली लिहायला-वाचायला शिकल्या, विणकाम शिकल्या, शेतीत राबल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात, याच मुलींच्या हातून छापले गेले. जिला जगाने टाकून दिले ती मुलगी ग्रंथाचे खिळे जुळवते आहे, यात अभ्यास कुठे संपतो आणि सेवा कुठे सुरू होते ते सांगता येणार नाही. वांद्र्याच्या अॅग्नेल आश्रमाची परंपराही निराधार मुलांना आसरा आणि हाताला कसब देण्याचीच आहे. वाशीचे संकुल त्याच परंपरेचे वारस आहे.

मग अभ्यास आणि सेवा हे दोन प्रवाह वेगळे कधी झाले? शाळा चांगल्या चालू लागल्या, त्यांना मागणी आली, फी भरणारा वर्ग आला आणि सेवा हळूहळू वर्गाबाहेर गेली. सरकारी पातळीवर तिला परत आणायचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. वर्ध्याला १९३७ साली गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण देणारी नयी तालीम मांडली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव आणि समाजसेवा यांना शिक्षणाच्या प्रत्येक पायरीवर स्थान द्यायला सांगितले. १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ ही कल्पना पुढे आणली, आणि आयसीएसईच्या दहावीला आजही या कार्याची श्रेणी लागते. कल्पना थोर होत्या. पण शाळांनी त्यांची फाइल केली. कार्यानुभवाच्या तासाला क्रेप कागदाची फुले झाली, प्रकल्प स्टेशनबाहेरच्या दुकानात तयार मिळू लागले आणि परीक्षा जवळ आली की हा तास गणिताच्या बाईंनी मागून घेतला. ज्या गोष्टीची फक्त सही लागते, ती गोष्ट मुले सहीपुरतीच करतात. दोष मुलांचा नाही.

नवी मुंबईत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती जमिनीची आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या शेतजमिनी, मिठागरे आणि खाजणे नव्या शहरासाठी घेतली गेली. आगरी-कोळी शेतकऱ्यांनी योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा दिला, जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच जणांनी प्राण दिले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या रक्तातून मिळाला. याच जमिनीवर सिडकोने शाळांसाठी भूखंड राखले आणि ते शिक्षणसंस्थांना सवलतीच्या दराने दिले. म्हणजे या शहरातल्या जवळपास प्रत्येक नामांकित शाळेच्या पायाखाली कोणाचे तरी भातखाचर आहे. पुढे हे शहर बांधायला मराठवाड्यातून, उत्तर कर्नाटकातून, बिहारमधून माणसे आली. ती तुर्भ्याच्या, दिघ्याच्या, रबाळ्याच्या वस्त्यांत राहिली, पारसिकच्या डोंगरातल्या खाणींत राबली, बाजार समितीत माथाडी म्हणून ओझी वाहू लागली. शाळेने या लोकांसाठी काही केले, तर त्याला परोपकार म्हणू नये. ते देणे आहे. आणि देणे फेडताना कोणी फोटो काढत नाही.

हे देणे फेडायचे कसे? पैसे आणि जुने कपडे देऊन ते फिटत नाही, कारण शाळेकडे असलेली खरी संपत्ती ज्ञान ही आहे. जे ज्ञान वर्गात मिळते, तेच वस्तीत पोहोचले पाहिजे, आणि वस्तीत जे कळते, ते वर्गात परत आले पाहिजे.

तुर्भे स्टोअरच्या वस्तीत संध्याकाळच्या एका अभ्यासिकेत मी हे घडताना पाहिले. कॉन्व्हेंट शाळेतला नववीचा एक मुलगा तिथे तिसरीच्या मुलांना वजाबाकी शिकवत होता. बावन्नातून सत्तावीस. तो म्हणाला, “दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारून एक घ्यायचा, झाले बारा.” समोरची मुलगी थबकली. तिने विचारले, “दादा, एकच घेतला ना? मग दोनाचे तीन व्हायला पाहिजेत. बारा कसे झाले?” मुलाने तेच वाक्य पुन्हा म्हटले, मग जरा मोठ्याने म्हटले. उत्तर त्याच्याकडे नव्हते. गणितात त्याला कायम नव्वदच्या पुढे गुण, पण हा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारलाच नव्हता. पुढच्या खेपेला तो आइस्क्रीमच्या काड्या घेऊन आला. दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधले होते. त्याने एक गठ्ठा सोडला आणि मुलीसमोर दहा सुट्या काड्या दोन काड्यांत मिसळल्या. मुलगी हसली. त्या मुलाच्या चेहऱ्यावर तिच्यापेक्षाही जास्त समाधान होते, कारण दशक म्हणजे काय हे त्यालाही त्या दिवशीच कळले होते.

कोणी कोणाला काय दिले, याचा हिशेब इथे करून पाहावा. तिसरीतल्या मुलीला वजाबाकी आली. नववीतल्या मुलाला आपले अर्धवट ज्ञान दिसले, ते पुरे करायची गरज वाटली आणि वस्तीतली मुलगी आपल्यापेक्षा नेमका प्रश्न विचारू शकते हे कळले. हे तिसरे शिक्षण कोणत्याही शिकवणी वर्गात मिळत नाही. सेवेने अभ्यासाचा वेळ जातो, असे जे म्हणतात त्यांनी एवढा एक प्रसंग डोळ्यांपुढे आणावा.

गणिताचे झाले तेच इतर विषयांचेही होऊ शकते. महापालिकेच्या मोरबे धरणाचे पाणी सोसायटीत किती येते आणि वस्तीतल्या घरामागे किती पडते, हे आठवीच्या मुलांनी लिटरमध्ये मोजावे. सरासरी, टक्केवारी आणि आलेख तिथेच शिकून होतील, आणि तो तक्ता प्रभाग कार्यालयात द्यावा, म्हणजे नागरिकशास्त्रही होईल. नेरूळच्या पाणथळीवरचे रोहित पक्षी पाहायला सहली जातात. त्याच सहलीत करावे गावच्या मच्छीमारांना खाडीतले कोणते मासे गेले आणि का गेले, हे विचारावे. मराठीच्या तासाला निबंधाच्या जोडीने अर्ज लिहावेत. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बांधकाम मजुराला कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वर्षातले ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो कसा मिळवायचा आणि अर्ज कसा भरायचा, हे नववीच्या मुलाला सहज शिकता येईल. इंग्रजी शाळेतली आपली मुले मराठीत कच्ची राहतात, ही पालकांची जुनी तक्रार आहे. एखाद्याचे काम आपल्या लिहिण्यावर अडले आहे असे कळले, की भाषा आपोआप सुधारते.

वेळ कुठून काढायचा, असे मुख्याध्यापक विचारतील. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहेत, ते तरी या कामाला द्यावेत. त्याच्या पुढे जाऊन सहावी ते नववीसाठी आठवड्यातले दोन तास वेळापत्रकात पक्के करावेत, आणि ते विषयशिक्षकांनीच घ्यावेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्रत्येक विद्यार्थ्याला सामाजिक सहभागाचा कार्यक्रम पूर्ण करावाच लागतो. त्यामुळे तिथल्या अभ्यासाची पातळी घसरली, असे कोणी म्हटलेले नाही. ज्या मुलांना वर्षाला सतराशे साठ स्पर्धा परीक्षांना बसवायला वेळ आहे, त्यांना माणसांत न्यायला वेळ नाही, हे कारण पटणारे नाही.

यापुढचे म्हणणे अधिक अवघड आहे आणि ते प्रवेशाविषयी आहे. शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांसाठी ठेवल्या. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रमती खटल्यात अल्पसंख्याक संस्थांना या कायद्यातून पूर्णपणे वगळले. आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना दिलेला हक्क मोलाचा आहे आणि तो टिकला पाहिजे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी प्रमती निकालाविषयी शंका घेतली आणि प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवले. त्याचा निकाल काय लागायचा तो लागो. पण राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने एक आरसा समोर धरला आहे. ख्रिस्ती अल्पसंख्याक शाळांतले सुमारे ७४ टक्के विद्यार्थी अल्पसंख्याक समाजांबाहेरचे आहेत, आणि एकूण अल्पसंख्याक शाळांत सामाजिक व आर्थिकदृष्ट्या वंचित मुले जेमतेम ८.७६ टक्के. अहवालाच्या हेतूवर कोणी वाद घालील. आकडे पाहून अस्वस्थ व्हायला त्या वादाचा निकाल लागावा लागत नाही.

कायद्याने सूट दिली म्हणून सद्सद्विवेकाने सूट दिली, असे होत नाही. जी शाळा वर्षातून एकदा वस्तीत जाते आणि वस्तीतल्या मुलाला मात्र आपल्या बाकावर बसू देत नाही, तिच्या सेवेला वस्ती काय म्हणत असेल? या शाळांनी कोणी सांगण्याआधी, आपण होऊन, चौथा हिस्सा जागा खुल्या कराव्यात. सुरुवात घरापासून करावी. शाळेतला शिपाई, वर्ग झाडणारी मावशी, बसचा चालक यांची मुले याच शाळेत शिकतात का, हे आधी तपासावे. त्यानंतर ज्या वस्तीत शाळा शिकवायला जाते, तिथली मुले घ्यावीत आणि त्यांना इंग्रजीचा पाया भरून द्यावा. गणवेश, सहल, स्नेहसंमेलनाचा पोशाख या सगळ्याचा खर्च संस्थेने उचलावा. नाहीतर मूल आत येते आणि प्रत्येक वर्गणीच्या वेळी बाहेर काढले जाते.

एक अडचण उघड बोलली पाहिजे. सेवेच्या आडून धर्मांतर, हा आरोप ख्रिस्ती संस्थांवर होतो, आणि त्याच्या धाकाने काही शाळा वस्तीत पाऊल टाकायलाच कचरतात. वह्यावाटप सुरक्षित असते, म्हणून तेवढेच होते. हा धाक समजण्यासारखा आहे, पण त्यावर उपाय मागे सरकणे हा नाही. काम महापालिकेच्या शाळांच्या जोडीने, दिवसाढवळ्या, पालकांची लेखी संमती घेऊन करावे. अभ्यासिकेची सूत्रे वस्तीतल्याच बाया-बापड्यांच्या हाती असावीत आणि धर्माचा विषय तिथे कोणीही काढू नये. संशय घेणाऱ्यांनाही माझी विनंती आहे: आरोप करण्याआधी एकदा त्या अभ्यासिकेत जाऊन बसा, जमल्यास चार मुलांना पाढे शिकवा. वस्तीतल्या मुलाला शिकवायला दुसरे कोणी आले नाही, याची लाज आपल्या सर्वांनाच वाटली पाहिजे.

आणि पालकांनो, या प्रश्नातून आपणही सुटत नाही. आपण बहुसंख्येने हिंदू, जैन, बौद्ध, मुस्लीम घरांतले लोक. आपण या शाळांकडून इंग्रजी घेतो, शिस्त घेतो, निकाल घेतो, आणि सेवेचा तास आला की ‘बोर्डाच्या वर्षात हे कशाला?’ म्हणून चिठ्ठी पाठवतो. शाळा आपल्याला हवे तेच विकतात, याला आपणही जबाबदार आहोत. मुलाने तुर्भ्याला जावे, तिथल्या घरात चहा प्यावा, तिथल्या मुलाला मित्र म्हणून घरी आणावे, याची आपली तयारी आहे का? ती नसेल, तर शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारांना काहीच अर्थ नाही.

३१ जुलै १९७३ रोजी व्हॅलेन्सिया इथे जेझुइट या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघाच्या शाळांतल्या माजी विद्यार्थ्यांपुढे त्या संघाचे प्रमुख फादर पेद्रो अरुपे बोलायला उभे राहिले. समोर प्रतिष्ठित, यशस्वी माणसे बसली होती. आम्ही तुम्हाला न्यायासाठी जगायला शिकवले का, असा प्रश्न त्यांनी केला आणि नाही शिकवले, असे उत्तरही स्वतःच दिले. समोरचे काही लोक दुखावले. पण इतरांसाठी जगणारी माणसे घडवणे हेच आपले काम, हा विचार त्या भाषणापासून जगभरच्या जेझुइट शाळांत रुजला. एवढा धीटपणा ज्या परंपरेत आहे, तिच्या शाळांना स्वतःला प्रश्न विचारायला अवघड जाऊ नये.

जूनमध्ये शाळा उघडतील, पालक-शिक्षक संघाची पहिली सभा होईल. त्या सभेत पालकांनी उभे राहून विचारावे: सेवेचे दोन तास वेळापत्रकात कोणत्या वारी आहेत, कोणत्या विषयाचे शिक्षक ते घेणार आहेत, आणि शेजारच्या वस्तीतली किती मुले यंदा पहिलीत आली? वार्षिक अहवालात निकालाच्या पानासमोर या प्रश्नांची उत्तरे छापली जावीत. ज्या शाळेकडे ती उत्तरे असतील, तिला निकालाची वेगळी काळजी करावी लागणार नाही. आपले शिकणे कोणाच्या तरी उपयोगी पडते आहे, हे ज्या मुलाने एकदा अनुभवले, त्याला अभ्यासाला बस म्हणून सांगावे लागत नाही.